प्रेशर वॉशरचा पंप मागच्या बाजूने मरतो

दिवाळीत आणलेलं मशीन जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेआधीच बसलं. साडेसहा हजारांचं होतं, खोक्यावर '१३५ बार' (बार म्हणजे दाबाचं माप) असं ठसठशीत छापलेलं. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरासमोर शहाबादी फरशी आहे, ती धुवत होतो. मध्येच मशीनचा आवाज बदलला, धार बारीक झाली. मी काय केलं, तर गन दोनदा झटकली आणि धुणं चालूच ठेवलं. गच्चीवरची टाकी संपलीय हे कळायला चार-पाच मिनिटं गेली. तोवर मशीनच्या पोटाखालून पाणी ठिबकायला लागलं होतं.

मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे नेलं. त्यानं चार स्क्रू काढून पंपाचं डोकं वेगळं केलं आणि म्हणाला, "मालक, पंप मेला कशाला म्हणता? सील खाल्लंय. पाणी न देता पळवलाय बघा ह्याला." आत करंगळीएवढे तीन पिस्टन होते, चकचकीत. प्रत्येकाला रबराचं सील. दोन सीलांच्या कडा धड होत्या, तिसऱ्याची कड काळी पडून काचेसारखी गुळगुळीत झाली होती, नखानं दाबली तरी दबेना. आणि शेजारच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये मोहरीएवढा एक वाळूचा कण अडकलेला. तो त्यानं बोटाच्या टोकावर घेऊन मला दाखवला. दुरुस्तीचे पैसे दिले ते दिलेच, पण त्या अर्ध्या तासात जे कळलं ते खोक्यातल्या माहितीपत्रकात इतक्या स्पष्ट लिहिलेलं नव्हतं.

प्रेशर वॉशर घेतला की आपलं सगळं लक्ष पुढे असतं: गन कशी, धार किती लांब जाते, फेस किती होतो. पंपाचा घात होतो तो मागे, पाणी जिथून आत शिरतं तिथे. स्वस्त मशीन असो की महाग, पंपाला पाणी पोटभर, गाळलेलं आणि गार मिळालं तर तो चालतो. सोलापुरात या तिन्ही गोष्टींची बोंब आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, पहिली धार बऱ्याचदा गढूळ असते, बोरचं पाणी जड असतं आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी चहाला ठेवल्यासारखं तापतं. म्हणून पुढचं सगळं आपल्याकडच्या पाण्याचा हिशेब धरून लिहिलं आहे.

आत काय चालतं

घरगुती मशीनमध्ये मोटरच्या टोकाला एक तिरकी तबकडी असते. ती फिरली की तिच्यावर टेकलेले तीन पिस्टन एकामागून एक आत-बाहेर होतात. मागे गेलेला पिस्टन पाणी ओढतो, पुढे आलेला ढकलतो. पाणी उलटं फिरू नये म्हणून प्रत्येकाला छोटे व्हॉल्व्ह. पिस्टन आणि पंपाच्या अंगामधली फट रबरी सील बंद करतं, आणि त्या सीलला वंगण आणि गारवा देणारं एकच असतं, ते म्हणजे पाणी. पाणी तुटलं की रबर कोरड्या स्टीलवर घासतं. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेत असताना रबर जळायला फार वेळ लागत नाही. माझं सील जळालं ते असं.

अर्धवट पाणी मिळणंही तितकंच वाईट, कारण ते लक्षात येत नाही. पंपाला मिनिटाला सात लिटर हवंय आणि नळी पाचच देतेय, तर पिस्टन मागे जाताना आत पोकळी तयार होते. दाब इतका उतरतो की पाणी साध्या तापमानालाच वाफेचे बुडबुडे धरतं, आणि पिस्टन पुढे आला की ते बुडबुडे फटाफट फुटतात. प्रत्येक फुटण्याबरोबर धातूवर बारीक ठोका बसतो. बाहेर ऐकू येतं ते डब्यात खडे घालून हलवल्यासारखं. हा आवाज आला की आधी बटण बंद करा, आवाजाचं कारण नंतर शोधा.

मोटर दोन प्रकारची असते. स्वस्त मशीनमध्ये बहुतेक कार्बन ब्रशवाली असते: हलकी, आवाजाला मिक्सरसारखी. इंडक्शन मोटर जड, महाग आणि बरीच शांत. कार्बनवालीला विश्रांती लागते. माहितीपत्रकात सलग किती मिनिटं चालवायचं ते दिलेलं असतं. नसेल तर मी वीस मिनिटांनंतर दहा मिनिटं थांबतो. सर्व्हिसिंग सेंटरवर दिवसभर चालणारा पट्ट्याचा पंप बघून आपल्या मशीनकडून तशी अपेक्षा धरू नये. त्याचं डोकं पितळी असतं आणि मोटर वेगळी.

खोक्यावरच्या आकड्यांकडे एकदा नीट बघा

माझ्या खोक्यावर १५०० वॅट, १३५ बार आणि मिनिटाला ७.५ लिटर असं लिहिलं होतं. एक सोपं गणित आहे: बार गुणिले लिटर, भागिले ६००. उत्तर किलोवॅटमध्ये येतं. १३५ गुणिले ७.५ म्हणजे १०१२.५, भागिले ६०० म्हणजे जवळजवळ १.६९. म्हणजे पाण्यालाच १६९० वॅट ताकद मिळायला हवी, आणि मोटर विजेतून ओढणार १५००! त्यातलेही काही उष्णतेत जाणार. खोटं छापलंय असं नाही. दोन्ही कमाल आकडे वेगवेगळ्या वेळचे असतात: दाब सगळ्यात जास्त तेव्हा पाणी कमी, पाणी सगळ्यात जास्त तेव्हा दाब कमी. घेताना 'कमाल' शब्दाशेजारचा आकडा सोडा आणि कामाचा दाब म्हणून दिलेला आकडा बघा. मोटरसायकल, गाडी, फरशीला ८० ते १०० बार पुष्कळ होतात.

लिटरचा कमाल आकडा मात्र लिहून ठेवा. पाण्याची सोय त्या आकड्याला पुरेल अशी करायची आहे.

घेताना मी आता आणखी एकच विचारतो: या मॉडेलचं सील किट सुटं मिळतं का? दुकानदार "त्याची गरजच पडत नाही" म्हणाला, तर पुढचं दुकान.

पहिलं काम: बादली आणि घड्याळ

मशीन खोक्यातून काढण्याआधी हे करा. जी नळी मशीनला लावणार आहात तीच तोटीला लावा, तोटी पूर्ण सोडा आणि नळीच्या दुसऱ्या टोकाखाली १५ लिटरची बादली ठेवून वेळ बघा. नुसत्या तोटीखाली बादली ठेवून उपयोग नाही. लांब, अरुंद नळीच अर्धं पाणी खाते.

साडेसात लिटरच्या मशीनला दोन मिनिटांत भरणारी बादली म्हणजे जेमतेम. काठावरचं गणित पंपाला चालत नाही. सव्वा मिनिटाच्या आत भरली तर निर्धास्त चालवा. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर त्या तोटीला मशीन लावूच नका, मग दाब कितीही 'चांगला वाटत' असो.

एकमजली घराच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंगणातल्या तोटीपर्यंत चार मीटर खाली येतं. दहा मीटर उंचीला साधारण एक बार, म्हणजे इथे मिळाला ०.४ बार. एवढ्याशा दाबावर अर्ध्या इंची पाईप, पाच-सहा एल्बो (पाईपची वळणं) आणि क्षार धरलेली जुनी तोटी यांतून पाणी येणार. आमच्या अंगणातली तोटी बादली भरायला अडीच मिनिटं घेत होती. म्हणजे टाकी संपायच्या आधीसुद्धा माझा पंप उपाशीच होता! टाकी संपली ती फक्त शेवटची काडी.

उपाय साधे आहेत. नळी पाऊण इंची घ्या, जमेल तितकी आखूड, आतून जाळी असलेली. उन्हात मऊ पडणारी पातळ पारदर्शक नळी मशीनला लावू नका, पंपाच्या ओढीनं ती चपटी होते. जोडाला क्लिप पक्की आवळा आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप फिरवा. इथे एक फसगत होते. ज्या जोडातून पाणी गळतं तो दिसतो. पण पंप ओढत असताना काही जोड पाणी गाळत नाहीत, हवा आत घेतात. बाहेरून जोड कोरडा ठणठणीत, आणि धार मात्र थुंकत थुंकत येते.

ड्रमची सोय, म्हणजे सोलापूरचा तोडगा

आमच्याकडे पाणी येण्याचा दिवस ठरलेला, वेळ बेभरवशाची. आलं की हौद भरा, टाकी भरा, पिंप भरा. त्या धांदलीत मशीन थेट नळाला लावणं म्हणजे पाणी मध्येच जाण्याची वाट बघणं. म्हणून मी २०० लिटरचा निळा ड्रम केला आहे.

ड्रम जमिनीवर ठेवून त्यात नळी सोडून पाणी ओढता येतं, पण ते मशीन स्वतः पाणी ओढणारं असेल तरच. माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं. असलं तरी नळी आधी पाण्यानं भरून घ्यावी लागते आणि टोकाला जाळीचा फुटव्हॉल्व्ह (नळीतलं पाणी मागे न सोडणारा) लागतो. त्यापेक्षा ड्रम उंचावर ठेवणं सोपं. मी अंगणातल्या कट्ट्यावर ठेवलाय, मशीन खाली फरशीवर. ड्रमला तळापासून चार बोटं वर भोक पाडून टँक निपल बसवलं, त्याला पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह आणि होज निपल. प्लंबिंगच्या दुकानात हे एवढे तीन शब्द सांगितले की सामान मिळतं. भोक तळाशी नको, गाळ खाली बसायला जागा हवी. बादलीची परीक्षा इथेही घ्या. माझ्या ड्रमची बादली एक मिनिट दहा सेकंदांत भरते, कारण मधे एल्बो एकही नाही आणि नळी दोन मीटरचीच.

ड्रमवर आतून एक लाल रेघ मारा, निपलच्या वर एक वीतभर. पाणी रेघेला आलं की काम थांबवायचं. त्याखाली पाण्यात भोवरा पडायला लागतो आणि भोवऱ्यातून हवा पंपात जाते. भरलेला ड्रम त्या रेघेपर्यंत पंधरा-सोळा मिनिटं पुरतो, त्यामुळे मोटरच्या विश्रांतीची वेळही तोच सांगतो.

२०० लिटर ऐकून आमच्या घरात कपाळाला आठ्या पडल्या होत्या. पण पंधरा मिनिटं ट्रिगर दाबून कुणी मोटरसायकल धुवत नाही. ओली करणं, शाम्पू, मग धुणं मिळून ट्रिगर तीन-साडेतीन मिनिटं दाबला जातो, म्हणजे पंचवीस लिटर. पूर्वी नळी चालू ठेवून कपडा मारताना त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी फरशीवरून गटारात जायचं.

गाळणी

माझा मेहुणा सांगोल्याकडे डाळिंब करतो. पंपाचं सील गेल्याचं ऐकून तो हसतच सुटला. "दाजी, फवारणीच्या पंपाला आम्ही गाळणीशिवाय पाणी दाखवत नाही, आणि तुम्ही शिकलेली माणसं!" खरं आहे त्याचं. फवारणीच्या एचटीपी पंपावर काम करणाऱ्याला हे अंगवळणी असतं, शहरात आपण पंप म्हणजे मिक्सर समजतो.

मशीनच्या पाणी आत जाण्याच्या तोंडाशी एक छोटी प्लॅस्टिकची जाळी असते. नेहमीच्या पकडीनं हळूच ओढली की बाहेर येते. ती दर दोन-तीन वापरांनी काढून जुन्या दातघासणीनं धुवा, आणि ती घातल्याशिवाय मशीन कधीच चालवू नका. पण तेवढ्यावर भागत नाही. ड्रमच्या तोंडावर जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं दुपदरी फडकं बांधून त्यातून पाणी भरा. पाणी रात्रभर तसंच राहू द्या, गाळ तळाला बसतो. नळीत बसवायची पारदर्शक भांड्याची गाळणी मिळते, ती लावली तर मैल डोळ्यांना दिसते. आरओच्या आधी बसवतात तसला दोऱ्याचा फिल्टर लावायचा मोह होतो. तो पाणी स्वच्छ करतो खरा, पण मळला की पाणी अडवतो, आणि आपण पुन्हा उपाशी पंपावर येतो. लावलाच तर बादली-परीक्षा फिल्टरसकट घ्या, महिन्या-महिन्याला.

बोरच्या पाण्यात वाळूचा कण असतो, शिवाय क्षार. क्षार लगेच काही करत नाहीत. मशीन ठेवून दिल्यावर आतलं पाणी सुकतं आणि पिस्टनवर, व्हॉल्व्हवर पांढरा खरखरीत थर राहतो. पुढच्या वेळी सील त्या थरावरून घासतं. म्हणून बोरच्या पाण्यावर काम केलंत तर शेवटची दोन मिनिटं नळाचं पाणी फिरवा. एवढ्यासाठी मी एक पिंप बाजूला ठेवतो. आरओचं सांडपाणी साठवून फरशी पुसता, ते ठीक. मशीनला मात्र देऊ नका, त्यात क्षार आणखी जास्त.

गार पाणी

बहुतेक घरगुती मशीनना आत येणारं पाणी ४० अंशांपर्यंतच चालतं. मे महिन्यात हवाच ४२-४४ अंशांवर असते, गच्चीवरची काळी टाकी आणि उन्हातला पाईप मग विचारूच नका. थर्मामीटर नको, हात घाला: अंघोळीला 'छान कढत' वाटेल ते पाणी मशीनला जास्त आहे. तापलेलं रबर मऊ पडतं, फुगतं आणि लवकर झिजतं. उन्हाळ्यात सकाळी सात-साडेसातच्या आत उरकावं. पाईपमधलं तापलेलं पहिलं पाणी बादलीत काढून ठेवा, भांड्यांना चालतं. ड्रम सावलीत.

चालू करण्याचा क्रम

इथे घाई करू नका. वायर न जोडता सुरुवात होते.

आधी मागची नळी जोडा, पुढची जाड नळी जोडून पूर्ण पसरा, गन लावा. नोझल अजून लावायचं नाही. बॉल व्हॉल्व्ह किंवा तोटी पूर्ण सोडा. मशीन बंद असतानाच ट्रिगर दाबून धरा. आधी फुसफुस हवा येईल, मग थुंकल्यासारखं पाणी, मग शांत, सलग धार. सलग झाल्यावरही दहापर्यंत आकडे मोजा. ही अर्ध्या-पाऊण मिनिटाची पायरी बहुतेक लोक खातात, आणि पंपात अडकलेली हवा पहिल्याच मिनिटाला सील कोरडं घासते.

आता वायर जोडा. ट्रिगर दाबलेलाच ठेवून बटण चालू करा, म्हणजे मोटरला सुरुवातीलाच दाबाविरुद्ध उठावं लागत नाही. पाच-सात सेकंद तसंच पाणी जाऊ द्या. मग बटण बंद, ट्रिगर सोडा, नोझल 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा, एकदा ओढून बघा. नीट न बसलेलं नोझल गोळीसारखं सुटतं.

विजेचं थोडक्यात, पण गंभीरपणे. १५०० वॅट म्हणजे साडेसहा-सात अँपिअर, चालू होताना त्याहून जास्त. १६ अँपिअरचा सॉकेट वापरा, अर्थिंग असलेला, आणि त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असू द्या. टेबलफॅनची वायर जोडून वाढवू नका. एक्स्टेन्शन लागलंच तर तीन तारांचं, निदान दीड चौरस मिलिमीटरचं, लांब असेल तर अडीचचं, आणि वेटोळं पूर्ण उलगडून. जोड पाण्यात पडू देऊ नका. बारीक वायरमध्ये व्होल्टेज पडतं, इंडक्शन मोटर मग गुणगुणत तापते. आणि धार कधीही माणसाच्या, जनावराच्या अंगावर धरू नका. ती कातडी फोडून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना.

चालू असताना

ट्रिगर सोडला की घरगुती मशीनची मोटर आपोआप थांबते. ही सोय चांगली, पण तिनं आपण आळशी होतो. मशीन थांबलेलं दिसत असलं तरी आत पूर्ण दाब कोंडलेला असतो. चहा प्यायला जाताना बटण बंद करा आणि ट्रिगर दाबून दाब सोडा. ज्या मशीनमध्ये ही सोय नाही त्यांत ट्रिगर सोडल्यावरही पंप फिरतच राहतो, तेच पाणी आत घुसळून तापवत. तिथे एक-दोन मिनिटांपलीकडे थांबायचं नाही.

उलट टोकही वाईट. पोरं गन घेतात आणि पिचकारीसारखी फट्-फट् दाबतात. प्रत्येक सोडण्याला पंपात दाबाचा धक्का, प्रत्येक दाबण्याला मोटरची नवी सुरुवात. सलग, लांब हात मारा.

नोझलचे रंग साधारण असे: लाल म्हणजे सुईसारखी धार, पिवळं १५ अंश, हिरवं २५, पांढरं ४०, काळं साबणाचं. मी लाल पेटीतच ठेवलंय. रंगाइतकंच भोक महत्त्वाचं. बाजारातून सुटं नोझल आणलं आणि त्याचं भोक मूळच्यापेक्षा बारीक निघालं, तर दाब वाढतो. लांब धार बघून आपण खूश, पंप आणि मोटर मात्र क्षमतेपलीकडे राबतायत. नोझलवर ०३० असा आकडा कोरलेला असतो. जुन्याचा आकडा बघून तोच मागा. भोक अडलं तरी हेच होतं: गन हातात थरथरते, धार वेडीवाकडी. मशीनबरोबर एक बारीक तार येते ती यासाठी. हरवली असेल तर सुई चालते, पण नोझल काढून, बाहेरच्या बाजूनं टोचून, उलटं धुऊन.

साबणाबद्दल एकच नियम: पंपाच्या मागून पाण्याशिवाय काही आत जाऊ देऊ नका. ड्रममध्ये शाम्पू कालवला की फेस होतो आणि फेस म्हणजे हवा. ब्लीचिंग, फिनेल, ॲसिड, डिझेल तर नकोच, सील आणि ॲल्युमिनियमचं डोकं दोन्ही खातात. गनला लागणारी फोमची बाटली पंपाच्या पुढे असते, साबण तिथेच मिसळतो. फरशीवर ॲसिड मारायचंच असेल तर हातानं मारा, मशीननं फक्त धुवा. शहाबादी फरशीवर ॲसिड मारूच नये हे वेगळं, तो चुनखडीचाच दगड आहे. पण आमच्या शेजारच्या काकांना ते पटवणं मला जमलेलं नाही.

आवाज ऐका, फरशी बघा

धार वर-खाली होतेय, मशीन घरघरतंय: पाणी कमी किंवा हवा जातेय. जाळी, जोड, ड्रमची पातळी, याच क्रमानं बघा.

ट्रिगर सोडलेला असताना मशीन आपोआप क्षणभर चालू होऊन बंद होतं, थोड्या वेळानं पुन्हा: दाब कुठेतरी गळतोय. गनच्या जोडाची ओ-रिंग (रबराची कडी) आधी बघा, किरकोळ माल. तिला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावून बसवा. ओ-रिंग ठीक असेल तर आतल्या व्हॉल्व्हमध्ये कचरा आहे. हे दुर्लक्षून मशीन चालू ठेवलं तर मोटर दिवसभर उठाबशा काढते.

पंपाखाली पाण्याचा थेंब: सील झिजलंय. मिनिटाला एखादा थेंब असेल तर चालेल, धार लागली तर नाही. थेंबात दुधाळ पांढरं तेल दिसलं तर पाणी तेलाच्या बाजूला गेलंय. तिथे थांबा आणि उघडून घ्या. तेलात पाणी शिरल्यावर आतली बेअरिंग गंजायला वेळ लागत नाही.

बटण दाबल्यावर नुसतं 'हूं' आणि मोटर फिरत नाही: ताबडतोब बंद. बरेच महिने पडून राहिलेल्या मशीनमध्ये सील चिकटतात. ट्रिगर दाबून, पाणी सोडून एकदाच प्रयत्न करा. दुसऱ्यांदाही 'हूं' आलं तर कारागिराकडे न्या, तिसऱ्यांदा वाइंडिंग जातं. वॉरंटीत असेल तर स्क्रूला हात लावू नका. आणि बिल जपून ठेवा, थर्मल कागदावरची अक्षरं वर्षात उडतात, फोटो काढून ठेवलेला बरा.

बंद करण्याचा क्रम

फोमची बाटली काढून साधं पाणी अर्धा मिनिट जाऊ द्या. मग बटण बंद. मग वायर काढा. मग तोटी बंद. मग ट्रिगर दाबा, पाणी ठिबकून थांबेपर्यंत. मग नळ्या सोडवा. बटणाआधी तोटी बंद केली की पंप कोरडा पळतो. दमलेल्या माणसाकडून नेमकं हेच होतं, कारण तोटी हाताशी असते. मी बटणावर डॉक्टरपट्टी चिकटवून त्यावर '१' लिहिलंय, तोटीवर '२'. घरचे हसतात, हसू देत.

मशीन दोन्ही बाजूंनी तिरकं करून आतलं पाणी काढा. इंग्रजी व्हिडिओंत पंपात अँटीफ्रीझ भरायला सांगतात. तिकडे पाणी गोठून पंप फुटतो. सोलापुरात ती भीती नाही, पैसे घालवू नका. आपला शत्रू पत्र्याची शेड. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेल्या मशीनची नळी आणि सील भट्टीत ठेवल्यासारखी वाळतात. जिन्याखाली, घरात, कुठेही सावलीत ठेवा. जाड नळी मोठ्या वेटोळ्यात गुंडाळा, मशीनवर ताणून बांधू नका.

आणि महिन्यातून एकदा, काम असो नसो, दोन मिनिटं चालवा. मी पाणी येण्याचा दिवस धरतो. ड्रम भरून झाला की नोझल न लावता मशीन चालू करतो आणि गन जास्वंदीच्या बुडाशी धरतो. पंधरा लिटर पाणी तिला जातं. सील बदलून आता तिसरा उन्हाळा आहे, फरशीवर अजून थेंब पडलेला नाही.